हसू आलं तर हात वर करा

…आणि वर म्हणे हसतखेळत सांगा! अहो, फरशीच्या कारखान्यात गोदाम सांभाळणारा माणूस मी, कानात दिवसभर कटरची किरकिर, खोकलो तरी पांढरी धूळ उडते, मी कोणाला हसवणार? पण साहेब म्हणाले, व्हिडिओ कॉलवर कसं वागावं ते लोकांना जरा विनोदातून शिकवा, जमलं तर तुम्हाला प्रशिक्षण विभागात घेतो. प्रशिक्षण विभाग! तुम्हाला सांगतो, वरचा मजला, दार लागतं, पंखा फिरतो, माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो तिथे. मग काय, आरशासमोर उभं राहून विनोद घोकले. बायको म्हणाली, "अहो, आरसासुद्धा हसत नाहीये." तरी घोकले.

घरूनच कॉल सुरू झाला. पहिलाच नियम सांगितला, माईक बंद ठेवा. ठेवले की हो सगळ्यांनी, शहाण्या बाळांसारखे! मग मी पहिला विनोद टाकला… शांतता. दुसरा टाकला… शांतता. आता माईकच बंद, तर हसले की नाही हे कळायचं कसं? तोंडं बघावीत म्हटलं, तर विक्रीवाल्याचं छत दिसतंय, हिशेबवाल्या बाईंचा नुसता भांग, आणि साहेबांची नाकपुडी. एकच, पण पडदा भरून! आणि मी विनोद करतोय!

शेवटी म्हटलं, हसू आलं तर निदान हात तरी वर करा. तर ट्रकचं बघणारे काका खरंच उठून उभे राहिले, दोन्ही हात वर, पोलिसांनी धरल्यासारखे. डोकं गेलं पडद्याबाहेर, राहिलं नुसतं पोट. आता त्या पोटाला मी काय शिस्त शिकवायची, सांगा ना! तेवढ्यात विक्रीवाल्याचा माईक चालू झाला, त्याची आई विचारतेय, "हा कोण रे मघापासून रडतोय?" हा म्हणतो, "रडत नाहीये गं, ऑफिसातले आहेत, विनोद सांगतायत." ती म्हणते, "अगं बाई, बिचारा!" आणि मी… मी आपला विनोद करतोय!

शेवटचा नियम होता, बोलणं संपलं की बटण दाबून बाहेर पडा. तो सांगितला, नमस्कार केला, खुर्चीत अंग टाकलं… आणि तुम्हाला सांगतो, सांगणाऱ्यानेच बटण दाबलं नाही! बायको पाणी घेऊन आली, म्हणाली, कसं झालं? झालं, माझा बांधच फुटला. म्हटलं, "मुडदे बरे यांच्यापेक्षा! आणि ते साहेब? इतकी माणसं हाताखाली, पण एकाची छाती नाही सांगायची की फोन जरा लांब धरा. नाक बघून झालं, आता मेंदू तेवढा दिसायचा राहिलाय!"

आणि हशा! सगळे माईक उघडे, भांग गदगदतोय, पोट हलतंय… मी मटकन बसलो, म्हणजे बसलेलोच होतो, आणखी बसलो. गेली नोकरी! तर साहेब डोळे पुसत म्हणतात, "वा! बटण दाबलं नाही तर काय होतं, त्याचा शेवटी काय नमुना करून दाखवलात हो! इतका अस्सल वैताग आणता कुठून?"

जीव भांड्यात पडला. वरचा मजला दिसायला लागला मला. जरा लाजतच म्हणालो, "गोदामातून, साहेब."

साहेब एकदम गंभीर झाले. म्हणाले, "मग तुम्हाला तिथून हलवून चालायचं नाही. दर सोमवारी हा कॉल तिथूनच करत जा."