अर्ध्या बाटलीतलं पानी

मी मूळची हडपसरचीच, पन ताई, तुम्ही आत्ता बघताय ते हडपसर न्हाई, आमच्या वेळी तिथं भाजीची रानं व्हती, आता त्याच रानावर कंप्यूटरच्या कंपन्या हायेत. आईनं मला एकच शिकवलं, काही वाया घालवू नको. भांड्याला लागलेली आमटीसुद्धा पानी घालून विसळून पोटात गेली पायजे. ते अंगात मुरलं बघा माझ्या.

नवरा गेल्यावर मला दवाखान्यात आया म्हनून लावून घेतलं, कच्च्या दिवसांच्या बाळांच्या वार्डात. काय सांगू तुम्हाला, तळहातावर मावतील एवढाले जीव, काचेच्या पेट्यांत ठेवलेले. माझं काम लंगोट बदलायचं, फरशी पुसायची, आन् वार्डात तीन बेसिनं व्हती, त्यांच्यावरच्या पातळ साबनाच्या बाटल्या भरून ठेवायच्या. स्टोअरवाला बाटली देताना असं तोंड करायचा, जसं काय घरचंच देतोय मेला. मग मी काय करायचे, बाटली अर्धी झाली की थोडं पानी घालायचे, वरून थोडा नवा साबन, हलवायचे, झाली भरलेली. बाटली कधी पार रिकामी अशी झालीच न्हाई. मेट्रन सगळ्यांना सांगायच्या, ताराबाईंकडून शिका जरा. मी अशी फुगायचे म्हनता!

मग एक बाळ अचानक मलूल पडलं, दूध सोडलं, आन् दोन दिसांत गेलं. कच्चंच व्हतं, म्हनले सगळे. पंधरा दिवस झाले न्हाई तर एक मुलगी तशीच पडली. तिची आई विश्रांतवाडीची, कंप्यूटरच्या नोकरीतली, दिवसभर बाहेरच्या काचेला हात लावून उभी राह्यची. मी तिला म्हनायचे, रडू नका, मी हात धुतल्याबिगर तिला शिवत न्हाई. आन् खरंच न्हवते शिवत. त्या वार्डात माझ्याइतके हात कुनीच धूत नव्हतं, डॉक्टरसुद्धा.

तेव्हा एक डॉक्टरबाई आल्या, दवाखान्यात रोग कुठून पसरतो ते शोधायचं काम त्यांचं. काडीला कापूस लावून नळ, पेट्या, कड्या, आमचे हात, सगळं पुसून नेलं तपासायला. तीन दिसांनी आल्या त्या साबनाची बाटली हातात धरून. म्हनल्या, जंतू ह्यात वाढलेत. लोक हसलेच, साबनात कुठं जंतू असतात व्हय? त्या म्हनल्या, हसून झालं असेल तर सांगा, ही बाटली कोण भरतं?

मेट्रनला ठाऊक व्हतं, त्या जमिनीकडं बघत राह्यल्या. माझी घरी दोन पोरं, नोकरी गेली तर खायचं काय? पन त्यांच्या हातात एकच बाटली व्हती ताई, आन् भरलेल्या तिन्ही मी. गप बसले असते तर बाकीच्या दोन तशाच राह्यल्या असत्या, आन् काचेपलीकडं ती आई उभी. मी म्हनले, मी भरते बाई. पानी घालून भरते. तिन्ही.

त्या रागावल्या न्हाईत. म्हनल्या, पाण्यात हे जंतू वाढतात ताराबाई, आणि जुनी बाटली धुतल्याशिवाय भरत गेलं की ते मरतच नाहीत. आजपासून संपली की फेकायची. स्टोअरवाल्याला म्हनल्या, आणि तुम्ही, मागितली की द्यायची, तोंड न करता.

मुलगी वाचली. घरी जाताना तिची आई माझ्या पाया पडायला वाकली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी मी डॉक्टरबाईंना विचारलं, आधीचं ते बाळ माझ्यामुळं गेलं का हो? त्या म्हनल्या, सांगता येत नाही, त्याच्या वेळी आपण तपासलंच नव्हतं. न्हाई म्हनून टाकलं असतं तर मी सुटले असते. पन खोटं न्हाई बोलल्या, म्हनून मान हाय मला त्यांचा.

पुढं रिटायर होईस्तोवर दारात उभी राहून मी मोठमोठ्या डॉक्टरांना हात धुवायला लावलं, शिव्याही खाल्ल्या. परवा सून शांपूच्या बाटलीत पानी घालून हलवत व्हती, म्हनली, बघा आई, तुमच्यासारखीच मी, काही वाया घालवत न्हाई. मी बाटली घेतली आन् मोरीत ओतली. ती बघतच राह्यली बिचारी.

तुमची लेकरं सुखात राहू देत ताई. त्या बाळाचं बारसं झालं न्हवतं, पेटीवरच्या चिठ्ठीवर नुसतं आईचं नाव व्हतं. ते मला अजून पाठ हाय.