‘आपोआप’वर ठेवलेला फोन

(फोनदुरुस्तीचं छोटं दुकान. काउंटरच्या आत स्टुलावर बहीण, समोर तिचा फोन हातात घेतलेला धाकटा भाऊ.)

ताई : ते सेटिंग पुन्हा कशाला उघडतोस? महिन्यापूर्वी तूच तर करून दिलंस. मी काच बदलायला आलेय.

भाऊ : काच होईल गं. आलाच आहे हातात तर बघतो एकदा. दुरुस्तीवाल्याची बहीण, आणि फोन कसा, रस्त्यावर सापडल्यासारखा.

ताई : झकास चाललाय तो. महिनाभर बिनधास्त वापरतेय. आधी साधी बातमीसुद्धा उघडत नव्हते.

भाऊ : सासरे अजून यादी बघतात?

ताई : रोज. सकाळचा पेपर संपला की चष्मा पुसायचा आणि राउटरची यादी वाचायची. कोणाच्या फोनवर कुठली साइट, किती वाजता. दिरांनी शिकवून ठेवलंय. म्हणतात, घर माझं, इंटरनेट माझं, मग बघणारही मीच.

भाऊ : म्हणून तर खासगी डीएनएस लावू म्हटलं. साइट उघडायच्या आधी फोन तिचा पत्ता विचारतो. एरवी तो प्रश्न राउटरमधून पोस्टकार्डासारखा उघडा जातो. हे लावलं की बंद पाकिटातून.

ताई : पाठ झालंय मला. बंद पाकीट, बंद पाकीट म्हणत सगळं उरकलं बघ. वकीलबाईंची साइट, लांबच्या शहरातल्या इस्पितळाच्या लॅबमधल्या नोकरीचा फॉर्म, तिथलं नोकरदार बायकांचं वसतिगृह, पिल्लूची शाळा. सोमवारी मुलाखत. आम्ही मायलेकी पहाटेच्या गाडीने जाणार, आणि गेलो की परत फिरायचं नाही. काय रे? काय बघतोयस एवढं?

भाऊ : त्या दिवशी दुकानात गर्दी होती ना?

ताई : तीन गिऱ्हाईकं तुझ्या डोक्यावर उभी होती. का?

भाऊ : इथे तीन पर्याय असतात. बंद, आपोआप, आणि तिसऱ्यात डीएनएस पुरवणाऱ्या कंपनीचं नाव टाकायचं. मी नाव टाकायला हवं होतं. हे ‘आपोआप’वरच राहिलंय.

ताई : मग आपोआप होतंय ना?

भाऊ : नाही. राउटरला जमलं तर पाकीट, नाही जमलं तर मुकाट्याने पोस्टकार्ड. तुमचा राउटर जुना आहे. फोन तसं सांगतही नाही.

ताई : कधीपासून?

भाऊ : पहिल्या दिवसापासून.

ताई : म्हणजे सगळं.

भाऊ : त्यांनी बघितलं नसेलही ताई. म्हातारा माणूस, राहिलं असेल.

ताई : परवा जेवताना म्हणाले, त्या शहरात थंडी फार, लहान मुलांना सोसत नाही. मला वाटलं, हवापाण्याचं बोलतायत.

भाऊ : आणखी काही झालं?

ताई : ह्यांनी पिल्लूचा जन्माचा दाखला नेला, लॅमिनेट करायला. मी म्हटलं, बरं झालं, माझं एक काम वाचलं. आणि आज सासूबाईंनी तिला ठेवून घेतलं. आजवर ती बरोबर असल्याशिवाय मला कुठे सोडलं नाही, पोर बरोबर असलं की वेळेत परत येते म्हणून. आज म्हणाल्या, तिला खोकला आहे, तू एकटी जा. मला वाटलं, विश्वास बसायला लागला माझ्यावर.

भाऊ : खोकला आहे तिला?

ताई : नाही रे.

भाऊ : माझं चुकलं. दोन मिनिटांचं काम होतं.

ताई : लाव आता.

भाऊ : आता लावून काय? बैल गेला नि झोपा केला.

ताई : लाव म्हटलं ना.

भाऊ : नाव टाकलं. झालं. पण ताई, आजपासून तुझी यादी कोरी दिसेल. त्याचंही विचारतील.

ताई : त्यांना विचारायला उरलंय काय?

भाऊ : घरी जाऊच नकोस. आत्ता गाडीत बसवून देतो. पिल्लूचं वकीलबाई बघतील, कोर्टातून आणू तिला.

ताई : पाच वर्षांची आहे ती. कोर्टाचं होईपर्यंत मला ओळखेल तरी का?

भाऊ : मग मी येतो बरोबर. दोघं मिळून घेऊन येऊ.

ताई : तुला बघून ते दार उघडणार नाहीत. मी एकटी गेले तर निदान आत तरी घेतील.

भाऊ : आणि सोमवारची मुलाखत?

ताई : इस्पितळात कळव, मी येत नाही म्हणून. तुझ्या फोनवरून कळव.