चवथीचं आमंत्रण

म्हापशाहून पेडण्याला जाणारी बस सुटायची होती. दहावीतल्या गौरवीने धावत जाऊन खिडकी पटकावली, आणि मैत्रिणीला सांगायला काही मजेशीर मिळतंय का म्हणून पुढच्या सीटवरच्या नवरा-बायकोकडे कान टवकारले.

"दादाचो फोन इल्लो," नवरा म्हणाला.

"पैशांचा विचारल्यान?"

"नाय. आपलो सोड्याचो कारखानो बुडालो, भावांनी, मित्रांनी दिल्ले सगळे पैसे बुडाले, तरी अजून एकान विचारूक नाय."

"दादा आणि विचारूचो नाय? पावसात छत्री दिली तरी दुसऱ्या दिवशी मागता तो!"

"चवथीचा बोललो."

"बोलतलोच. यंदा घरचो गणपती करूची पाळी आपली. गणपतीच्या वर माटोळी बांधूचा, फळां-पानांचा सामान मी आजच बाजारात बघून ठेवलंय."

"पाळी धाकट्या भावाक दिल्यान."

"कोणाक विचारून?"

"तुमका खर्च नको, म्हणालो. तुमी दोघां फक्त जेवूक या."

"आपल्याच घरात?"

"होय."

"तुमी काय म्हणालात?"

"येतो म्हटलंय."

बस सुटली. म्हापसा मागे पडल्यावर बायकोने विचारलं,

"कधी येऊक सांगितल्यान?"

"आरती झाल्यावर."