नर्मदाबाईची बिनधुराची चूल

— न्हाई बाई, माती कच्ची नव्हती, तसं लिहू नका. चूल फुटली न्हाई, फोडली. पहारीनं. नर्मदाबाईच्या घरून आल्या ना तुमी? तिनंच सांगितलं असंल कच्ची म्हणून — सांगितलं ना? वाटलंच मला.

अवो, पंचायत समितीच्या तुमच्याच शिबिरात शिकले मी, सेलूला. आमच्या बौद्धवाड्यातल्या समद्या बिनधुराच्या चुली ह्या सरजाबाईच्या हातच्या. धूर नळकांड्यातून वर, डोळ्याला पाणी न्हाई, अन् सरपण निम्मं — बांधावरच्या बाभळी उभ्याच ऱ्हायल्या बघा. शिबिरातला सायब म्हणायचा, घरातली हवा सुधरती अन् वरची बी. वरचं मला काय कळतंय — पर नर्मदाबाईचा खोकला कळत होता. नामांतराच्या दंग्यात आमची घरं पेटली, तवा तिनंच माझ्या लेकीला कडब्यात लपवलं — पाटलाची सून असून! मग तिनं बोलावल्यावर कशी न्हाई म्हणू? तिची सासू गंगाखेडला लेकीकडं गेलती. सैपाकघरात बसून चूल घातली मी, बाई, सैपाकघरात! वाळल्यावर तिनं नव्या चुलीवर दूध उतू जाऊ दिलं, अन् पहिला चहा मला — तिच्याच कपात, तिच्याच पाटावर बसवून. लय सुखी झाले त्या दिवशी. खुळी मी.

सासू आली. चूल कुणी घातली म्हणून चार बाया गोळा केल्या, मलाबी बोलावलं. अन् ही काय बोलली — 'मी मळ्यात होते, तीच शिरली आपसूक.' माझ्याकडं बघितलंबी न्हाई. मग सासूनं पहार — न्हाई, खरं सांगते, पहार नर्मदाबाईनंच घेतली. पहिला घाव तिचा. घर जळालं तवाबी एवढं लागलं नव्हतं जिवाला. जाळणारे परके होते. ही माझी होती.

अन् आता खोकून खोकून तिच्या बरगड्या दुखायल्यात तर तुमाला धाडलं — सरजाकडचा चुलीचा साचा आणा, भुजंग गवंडी घालील म्हणं. चूल पायजे, धूर नको, सरपण वाचवायचं — फकस्त माझा हात नको. रोज ऐकू येतो त्यो खोकला, पार पाणंदीपस्तोर, झोप लागत — जाऊ द्या, मला काय करायचंय. तिला म्हणावं, त्याच बायांसमोर, सासूसमोर बोल — मीच बोलावलं होतं सरजाला. मग येते मी. आत्ता येते, अशी उठून. साचाबी नको मला.

काय? न्हाई बोलायची ती?

…उठा बाई. यष्टी चुकंल तुमची.