सासऱ्यांना चारलेली पेंड

तुम्ही पेंडीचं नाव काढलं अन् मला माझे सासरे, आमचे दादा, आठवले. निजामाच्या राज्यात, महायुद्धाचे दिवस. जालन्यात डाळ मिळंना. सासरे मोठ्या तापातून उठलेले, त्यांना उभंही राहवंना. दूध तर पचतच नव्हतं.

आमचे हे तेलाच्या गिरणीत रसायनाचं काम बघायचे. एक दिवस भुईमुगाची ताजी पेंड, बैलांना घालतात ती, घेऊन आले. म्हणाले, "तेल निघालं तरी ताकद हिच्यातच राहती." पेंड दळून पापडखाराच्या पाण्यात भिजवली, गाळली अन् त्या पाण्यात लिंबं पिळली. तळाशी नासलेल्या दुधासारखा पांढरा साका बसला.

"हे दादांना द्यायचं?" मी भ्याले.

"आधी मी खातो."

त्यांनी खाल्लं. मी दिवसभर त्यांच्या तोंडाकडं बघत राह्यले. काही झालं न्हाई. मंग कांदा-मिरची घालून मी त्याचा झुणका करू लागले.

पंधरा दिवसांत सासरे अंगणात फिरायला लागले. ह्यांना राहवलं न्हाई. जेवताना बोलून गेले, "दादा, हा झुणका पेंडीचा आहे."

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. "सूनबाई, पंधरा दिस मला पेंड चारून राह्यलीस?"

मी झुणक्याचं भांडं मागं ओढलं.

"मंग औताला जुंपायच्या आधी अजून थोडी वाढ!"