काखेत धरणारी उडी

नाही, तुम्हीच सांगा, चौतीस वर्षं कोट शिवलेल्या माणसाने या वयात काय करावं? दुकान सांभाळावं, दुपारी घटकाभर आडवं व्हावं आणि कोणी विचारलंच तर हल्लीच्या कापडाला नावं ठेवावीत. बरोबर? आणि मी काय करत होतो? तर एका राखाडी डब्याला या गच्चीवरून त्या गच्चीवर उडी मारायला लावत होतो! आणि तो डबा काही पोचत नव्हता. पडायचा, मी उठवायचो, परत पडायचा... सतरा वेळा! सायकल शिकताना मी स्वतः एवढा पडलो नव्हतो हो.

आता हा डबा कुठला, ते सांगतो. आमची मुलगी व्हिडिओ गेम बनवते. खेळते नाही, बनवते. हा फरक कळायला मला सहा वर्षं लागली, आमच्या हिला अजून लागतायत. चांगली ऑफिसात होती, दुसऱ्यांचे गेम बनवत होती, तर एक दिवस आली आणि म्हणाली, बाबा, नोकरी सोडली, आता स्वतःचा गेम. मी म्हटलं, बरं. बापाने आणखी काय म्हणायचं असतं? पण अट तिची तिनेच घातलेली, तीन महिन्यांची. तेवढ्यात प्रोटोटाइप जमला तर पुढची दोन वर्षं घालून अख्खा गेम करायचा, नाही जमला तर मुकाट्याने ऑफिसातल्या जुन्या खुर्चीत जाऊन बसायचं, साहेबांनी ती तोवर राखून ठेवली होती. आता मला ऐकू आलं 'प्रोटो-टाइट'. टाइट म्हटल्याबरोबर माझा हात टेपकडे गेला, सवय! म्हटलं, कुठे टाइट होतंय? तशी ती हसली. म्हणाली, "टाइट नाही बाबा, टाइप. तुम्ही कोटाची ट्रायल घेता ना कच्चे टाके घालून, तसं. आधी कच्चं करून बघायचं, मग पक्कं."

अगं मग असं सांग ना! कच्चे टाके म्हणजे आमचा प्रांत. मी आपला रुबाबात वरच्या खोलीत गेलो, खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि बघतो तर काय... काहीच नाही. राखाडी पडदा, त्यावर राखाडी चौकोन, ती म्हणे घरं. अधेमधे पिवळे ठिपके, ती म्हणे बटणं. गोष्ट अशी की गावातल्या सगळ्यांची बटणं तुटून गच्च्यांवर जाऊन पडलीत आणि ती एकाने गोळा करून आणायची. म्हटलं, कोणी? तर म्हणे, या डब्याने. याला हात नाहीत? "बाबा, हे अजून कच्चं आहे." तोंड? "बाबा, हे अजून कच्चं आहे." अगं निदान आभाळ तरी निळं कर! "बाबा, हे अजून..." कळलं, कळलं, कच्चं आहे.

आणि खेळायचं कसं, तर ती मागे वही घेऊन बसणार आणि एक अक्षर बोलणार नाही. म्हणे, मी इथे नाहीच असं समजा. कसं समजायचं? माझा डबा पडला की मागून पेन्सिलीचा आवाज, कुर्रर्र! शाळेत फळ्यापुढे उभा राहिल्यावर मला जो घाम फुटायचा तो थेट चव्वेचाळीस वर्षांनी परत फुटला. मध्येच आमची ही भिजलेले हात घेऊन आली, म्हणाली, "अहो, ते डबडं उलट्या दिशेने न्या की." नेलं. तर जगच संपलं! खरंच सांगतो, डबा जगाच्या कडेवरून घसरला तो खाली, खाली, खाली... अजून पडतोय. मुलीने ते पण वहीत लिहिलं. म्हणाली, तिकडे भिंत घालायला हवी, हे अजून कच्चं आहे.

शेवटी तिने वही मिटली आणि विचारलं, कसं वाटलं? आता इथेच माझं चुकलं. तिचा चेहरा बघितला मी. अडीच महिने त्या खोलीत बसून डोळे खोल गेलेले. मी म्हटलं, छान. किती छान? फार छान. ती उडी जरा... नाही नाही, उडी पण छान! माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात बाही कापत होतो आणि ती जिन्यात फोनवर बोलत होती, ऐकू येतंच. चित्रं काढणाऱ्या मैत्रिणीला सांगत होती, बाबांसारख्या कधीही गेम न खेळलेल्या माणसालाही आवडलं, म्हणजे जमलं, उद्यापासून पक्कं करायला घेऊ. तुम्हाला सांगतो, माझ्या हातातली कात्री थांबली. पोरगी आयुष्याची दोन वर्षं माझ्या एका 'छान'वर टांगायला निघाली होती, आणि ते 'छान' तर साफ खोटं!

मला तो नवरदेव आठवला. फार सज्जन माणूस. ट्रायलला उभा होता, मी विचारलं, कुठे धरतंय का? तर म्हणाला, छे छे, छान बसलाय. भिडस्तपणा, दुसरं काय! लग्नात त्याने हार घालायला हात वर केले आणि... टर्रर्र. अख्ख्या मांडवाने ऐकलं. अरे बाबा, कच्च्या टाक्यांवर बोलायचं असतं! तिथे बोटाने दोरा निघतो, पक्क्या शिलाईला कात्री लावावी लागते. हे मी चौतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय, आणि माझ्याच घरात मीच तो नवरदेव!

गेलो वर. म्हटलं, ऐक, उडी काखेत धरतेय. म्हणाली, उडीला काख कुठली? मग मी तिला एक कच्चा कोट घातला, मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, मुद्दाम खोल कापलेला, आणि म्हटलं, हात वर कर. तिने केला. हाताबरोबर अख्खा कोट वर आला. म्हटलं, तुझ्या गेममध्ये हेच होतंय. डबा उडी मारतो तेव्हा त्याच्याबरोबर अख्खं चित्र वर येतं आणि पाय कुठे टेकायचा ती गच्चीच दिसेनाशी होते. डब्याने उडावं, गावाने का उडावं?

ती कोट घालून तशीच उभी राहिली, एक हात वर. मग हळूच म्हणाली, "बाबा, तेव्हा का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, अगं, बाप आहे मी तुझा. तर म्हणाली, "बाप घरात आहेच. मला तेव्हा गिऱ्हाईक हवं होतं."

लागलं हो मला ते. खरं होतं ना, म्हणून लागलं.

मैत्रिणीला थांबवलं तिने. चार दिवसांनी मला परत बसवलं. आता डबा उडायचा आणि गाव आपलं जागच्या जागी! पहिली गच्ची, दुसरी, तिसरी... पेन्सिल वाजतेय की नाही मला पत्ता नाही. खालून गिऱ्हाईक हाक मारतंय, ही ओरडतेय, "अहो, करपल्याचा वास येतोय," मी म्हणतोय, थांब गं, एकच बटण राहिलंय! वर येताना इस्त्री पँटवरच ठेवून आलो होतो. पँट गेली. मुलीने वहीत लिहिलं, 'पँट जळाली, बाबा उठले नाहीत', खाली दोन रेघा मारल्या आणि त्याच दिवशी जुन्या साहेबांना कळवलं, खुर्ची दुसऱ्याला द्या. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. माझ्याही होतं, पण मी धुरावर ढकललं.

आणि मग काय केलं असेल तिने? माझा डबा पुसून टाकला! मी म्हटलं, अगं, सख्खा झाला होता तो मला. तर म्हणाली, पक्की शिलाई झाली की कच्चे टाके काढायचे असतात, तुम्हीच शिकवलंत. घ्या! आपलेच दात...

परवा बोलावलं, म्हणाली, नवा हिरो बघा. बघतो तर टक्कल, नाकावर घसरलेला चष्मा, गळ्यात टेप आणि टेपच्या खाली हे एवढं पोट, उडी मारली की एक क्षण मागे राहून मग पोचणारं. मी म्हटलं, चष्मा असू दे, टक्कल असू दे, पण पोट जरा आत घेता येईल ना? हे अजून कच्चं असेल...

तर म्हणाली, "बाबा, बाकी सगळं कच्चं आहे. पोट तेवढं पक्कं आहे."