अण्णांच्या लॉगिनवरून बदललेल्या नोंदी

मंडळी,

उभा राहिलोय खरा, पण भाषणाची सवय नाही. अडखळलो तर सांभाळून घ्या. काकू, अध्यक्षसाहेब, वाचनालयाचे सभासद आणि बाहेरगावाहून शेवगावला आलेली तुम्ही सगळी माणसं. भालेराव अण्णा जाऊन आज दहा दिवस झाले. आणि खरं सांगू? या दहा दिवसांत मी रडलो कमी. संशय जास्त घेतला. तुमच्यातल्याच एकावर घेतला.

मी वाचनालयात संगणकाचं काम बघतो. अण्णा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले आणि आपल्या वाचनालयाच्या वेबसाइटला येऊन चिकटले. जिल्ह्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची बोलणी आपण तिथं रेकॉर्ड करून ठेवतो, जुने फोटो ठेवतो. प्रत्येकासोबत एक फॉर्म भरायचा. हे काय आहे, कोणी सांगितलं, कुठं, कधी, परवानगी दिली का. याला मेटाडेटा म्हणतात. अण्णा म्हणायचे, "डब्यावरची चिठ्ठी रे. चिठ्ठी नसली की सुनेला डाळ सापडत न्हाई, आणि मग ती म्हणते घरात डाळच न्हाई."

पण चिठ्ठीवर तरी अण्णांचा विश्वास होता का? छे! जन्मभर कागद हाताळलेला माणूस. कोणी काहीही आणलं की पहिला प्रश्न, "कोण म्हणतं?" एकानं खर्ड्याच्या किल्ल्याचा काळापांढरा फोटो पाठवला, खाली 'अतिप्राचीन' असं लिहून. अण्णांनी फोटो मोठा केला आणि मला म्हणाले, "तटाखाली बघ. प्लास्टिकची खुर्ची प्राचीन हाय का?"

हसा, हसा. अण्णांना चाललं असतं.

एकदा मी अकोले तालुक्यात गेलो होतो. भाताचं बियाणं कणगीत कसं टिकवायचं, यावर एका म्हातारीचं बोलणं रेकॉर्ड करून आणलं. सांगणाऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'अकोल्याच्या आजी'. अण्णा भडकले. "तासभर तिच्या ओसरीवर बसलास, तिचा चहा प्यालास, आणि नाव विचारलं न्हाई? मग ऐकलंस काय?" मला परत पाठवलं. तीन गाड्या बदलून, एका नावासाठी! तिथं म्हातारीला माझाच संशय आला. "नाव कशापायी पायजे रं? कुठं अंगठा घेनार हाईस?" मी अण्णांना फोन लावून दिला. काय बोलले कोण जाणे. फोन परत देत ती म्हणाली, "लिव्ह. हिराबाई. म्होरं माझ्या बापाचं नाव लिव्ह. बी राखायला त्यानं शिकिवलं."

अण्णा सोमवारी गेले. त्याच संध्याकाळी आपण सगळे अमरधाममध्ये होतो. शुक्रवारी मला हिराबाईंचा आवाज ऐकावासा वाटला. वेबसाइटवर 'हिराबाई' टाकलं. काही सापडलं नाही. परत टाकलं. नाही. शेवटी 'भात' टाकलं तेव्हा रेकॉर्डिंग निघालं. सांगणारे : रामनाथ भालेराव. आवाज बाईचा आणि नाव अण्णांचं! पुढची नोंद उघडली. रामनाथ भालेराव. त्याच्या पुढची. रामनाथ भालेराव. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, बाजारातले हमाल, सगळ्यांची नावं गेलेली, आणि सगळीकडं एकच नाव.

नोंद कोणाच्या लॉगिनवरून बदलली आणि कधी, हे संगणक स्वतःहून लिहून ठेवतो. लॉगिन अण्णांचं. वार बुधवार आणि गुरुवार. गेलेला माणूस नोंदी बदलतो का हो?

अण्णांखेरीज तो पासवर्ड दोघांनाच माहीत. मला आणि अध्यक्षसाहेबांना. साहेब, स्पष्ट बोलतो. वेबसाइटवर तुमचा फोटो सगळ्यात वर हवा, यावरून तुमचं आणि अण्णांचं वाजलं होतं. मला वाटलं, तुम्ही डाव साधला. उद्या बोंब उठेल की भालेरावांनी गोरगरिबांची बोलणी स्वतःच्या नावावर करून घेतली. चार दिवस मी तुमच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही, ते यामुळं. माफी मागत नाही. अण्णा असते तर त्यांनीही पहिला संशय तुमच्यावरच घेतला असता.

मंगळवारी अण्णांच्या घरी गेलो. काकूंना विचारलं, "अण्णांचा संगणक कोणी उघडला होता का?"

काकू म्हणाल्या, "मीच."

मंडळी, हे मी त्यांच्या परवानगीनं सांगतोय. त्याच म्हणाल्या, "सभेत सांग, न्हाईतर लोक दुसऱ्या कुणावर संशय घेतील." पासवर्डचा कागद देव्हाऱ्याच्या खणात होता. दुखवट्याला आलेली माणसं उठून गेली की काकू संगणकाशी बसायच्या. "समदं उघडून बघितलं," म्हणाल्या. "इतकी वर्सं डोळं फोडलं त्यांनी, अन् कुठंच नाव न्हाई त्यांचं. एका जागी न्हाई. म्हनून घातलं." उखाण्याशिवाय जिनं जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही, तिनं ते एका बोटानं, दोन दुपारी, एकेका नोंदीत टाइप केलं होतं.

मी चोर शोधत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

मी हिराबाईंचं रेकॉर्डिंग लावलं. काकूंनी ते कधी ऐकलंच नव्हतं. कडुनिंबाचा पाला घालून कणगी कशी लिंपायची, सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "हिनं सोताचं नाव शोधलं तर?"

मी म्हणालो, "त्यांना वाचता येत नाही, काकू. पण त्यांची नात शोधत असते."

"मग बदल," काकू म्हणाल्या.

वेबसाइटवर भरवसा ठेवायचा नाही हे अण्णांनीच शिकवलेलं, त्यामुळं जुन्या नोंदींची प्रत माझ्याकडं होती. काल दुपारी आम्ही दोघं बसलो. मी नावं वाचत होतो, काकू टाइप करत होत्या. मी करतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. आपल्या माणसाचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक करून पुसलं. शेवटची नोंद झाल्यावर शोधाच्या चौकटीत त्यांनी अण्णांचं नाव टाकलं. 'काहीही सापडलं नाही' असं आलं.

मी म्हणालो, "काकू, अण्णांच्या नावाचं एक वेगळं पान करू."

"नगं," म्हणाल्या. "त्यांनी लिव्हलं न्हाई ते मी पुन्हा लिव्हनार न्हाई."

मला हे पटलेलं नाही. अजूनही पटलेलं नाही. पण त्यांचा शब्द मोडायची माझी हिंमत नाही.

तेव्हा अण्णांना तिथं शोधू नका, सापडणार नाहीत. जागेवर उभे राहा. त्यांचं नाव मी इथंच, तुमच्यासमोर, मोठ्यानं घेतो.

रामनाथ विठ्ठल भालेराव.

आता थोडा वेळ कोणीच काही बोलू नका.